जावईबापूंनी कूलर दुरुस्त केला

अंकुरच्या सासऱ्यांना, म्हणजे तेल्हाऱ्याच्या पुंजारामजींना, फोनवर हळू बोलता येत नाही. अकोल्याला राहणाऱ्या धाकट्या भावाशी, वामनरावांशी, ते असा आवाज लावून बोलतात की मधे फोन कशाला हवा असा प्रश्न पडावा. त्यामुळे त्या घरात गुपित म्हणून काही उरत नाही. आणि त्यामुळेच गेल्या दिवाळीत अंकुरच्या मनाला एक गोष्ट लागली ती लागलीच.

झालं होतं असं. लग्नानंतरची दिवाळी, नवा जावई, अंगात हौस. अंकुरने अंगणात रंगीत दिव्यांची माळ लावली. माळ लागली आणि गल्लीतली बाकी सगळी लाइट गेली. (ती परत कधी आली हे विचारू नका. लक्ष्मीपूजन मेणबत्तीवर झालं, एवढं सांगितलं तरी पुरे.) दुसऱ्या दिवशी तो न्हाणीघरात उटणं चोळत असताना अंगणातून सासऱ्यांचा आवाज आला. ते अकोल्याशी बोलत होते.

"जवाई सोन्यावानी हाय गा वामन! फक्त त्याच्या हातात पेन शोभते. पक्कड देऊ नाई त्याले!"

अंकुर अमरावतीच्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरसमोर बसतो. आपण जन्मात पक्कड धरली नाही याचा त्याला तोपर्यंत थोडा अभिमानच होता. त्या आंघोळीत तो अभिमान वाहून गेला. तेव्हापासून या माणसाला एकच ध्यास. कधीतरी याच अंगणातून, याच आवाजात, याच वामनरावांना सासऱ्यांनी सांगावं की जावई कामाचा आहे. घरी तो रोज मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहू लागला. दुरुस्ती कशाचीही असो, तो पाहायचा. त्याच्या बायकोने, आचलने, एकदा डोकावून पाहिलं तर तो ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडताना बघत होता. त्यांच्याकडे स्कूटी आहे.

आणि मग अधिक महिना आला, तोही ऐन ज्येष्ठात. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला मान. बोलावणं आलं. आचलने बॅग भरली आणि दोघं नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांच्या, उन्हात तेल्हाऱ्याला येऊन पोचले.

सासूबाईंनी, मैनाबाईंनी, दारातच पायांवर पाणी घातलं. पुढच्या खोलीत पलंगावर नवी चादर, मागे लोड, समोर कूलर. हा कूलर पत्र्याचा, दणकट, कपाटाएवढा. जावई टेकल्याबरोबर पुंजारामजींनी बटण दाबलं, आणि कूलरमधून गार वाऱ्याबरोबर खडखड असा आवाज सुरू झाला. कोणीतरी आत बसून डब्यात खडे हलवावेत तसा. मैनाबाईंनी कूलरच्या कुशीत एक सराईत बुक्की मारली. आवाज क्षणभर थांबला आणि नव्या दमाने पुन्हा सुरू झाला.

"मेकॅनिक लग्नातल्या कूलरवर गेला हाय जी," पुंजारामजी ओशाळून म्हणाले. "परवा येतो म्हनते. तवरोक एवढं सहन करा जवाईबापू."

अंकुरने लोडावरून पाठ उचलली. असा आवाज त्याने व्हिडिओत ऐकला होता! पंख्याचा स्क्रू ढिला!

"मेकॅनिक कशाले पायजे मामाजी?" तो म्हणाला. "मी पाहतो ना."

खोलीत एकदम शांतता पसरली. (कूलर सोडून.) मैनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मुलीकडे पाहिलं, मुलीने छताकडे पाहिलं. आता इथे एक पेच होता तो समजून घ्या. धोंड्याच्या महिन्यात जावयाला काम सांगायचं नाही, हा एक नियम. आणि जावयाला 'नाही' म्हणायचं नाही, हा दुसरा. दोन्ही नियम एकाच वेळी पाळायचे कसे, हे त्या घरात आजवर कोणाला सुचायची वेळच आली नव्हती.

"त्यायची हौस हाय," शेवटी मैनाबाईंनी तोड काढली. "हौसेले काम म्हनत नाई."

झालं. हौस म्हटल्यावर तिची सरबराई व्हायलाच हवी. कूलरमागे सतरंजी अंथरली गेली, सतरंजीवर गादी, गादीवर लोड. पुंजारामजींनी प्लग काढला आणि वायर हातात घट्ट धरून खुर्चीवर बसले, बैलाचा कासरा धरावा तसे. अंकुरने कूलरची मागची गवताची ताटी काढली, आत डोकं घातलं आणि मोबाइलचा उजेड पाडला. मोटर मधोमध, तिला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या चारी बाजूंनी, आणि मोटरच्या पलीकडे पंखा. पंखा जिथे मोटरच्या दांड्यावर बसतो तिथे, थेट पोटात, एक बारीक भोक. भोकात सहा कोनांचं तोंड असलेला स्क्रू. डोळ्यांना दिसतो, पण हात काही तिथवर पोचत नाही.

"अॅलन की लागन," अंकुर बाहेर येत म्हणाला. सहा कोनांच्या स्क्रूच्या चावीचं हे नाव उच्चारताना त्याला फार बरं वाटलं.

हार्डवेअरचं दुकान चौकातच होतं, सहदेवचं. सहदेव हा मैनाबाईंच्या माहेरचा, मानलेला भाऊ. म्हणजे अंकुर त्याचाही जावई. अंकुर उन्हातून दुकानात शिरला तसा सहदेव गल्ला सोडून उठला. आधी लिंबाचं सरबत आलं. मग शेजारच्या कापड दुकानातून टोपी, दुपट्टा आणि नारळ आला. टोपी घालून घेतल्यावर अंकुरला खरेदीची परवानगी मिळाली.

"कोनती देऊ जवाईबापू? लांब का आखूड? सुटी का जोडाची? टोक सपाट का गोल?"

व्हिडिओवाल्या माणसाने हे सगळं सांगितलं होतं. नेमकं तेव्हाच अंकुरच्या पतसंस्थेतून फोन आला होता.

"चांगली द्या," अंकुर म्हणाला.

आता जावयाने चांगली मागितल्यावर सहदेव साधी कशी देईल? त्याने सगळ्यात देखणी काढून दिली. लाल मुठीचा जोड, चाकूसारखी एकेक चावी बाहेर निघणारी. पैशाचं नाव काढू दिलं नाही. अंकुर टोपी, दुपट्टा आणि नारळासह घरी आला, कूलरमध्ये हात घातला आणि त्याला कळलं की ती लाल मूठ पट्ट्यांच्या फटीतून आत जातच नाही. अवघड जागेच्या स्क्रूला जाड मूठ चालत नाही, बारीक आणि लांब दांडीचीच चावी लागते.

पुन्हा चौक. या वेळी सहदेवने आमरस काढला. वाटी रिकामी झाली की ती भरायला सहदेवची बायको वच्छला उभीच होती. अंकुरने पोट धरून दुकानातून कशीबशी सुट्या चाव्यांची पिशवी आणली. काटकोनात वाकलेल्या, एक बाजू लांब, एक आखूड, लांब बाजूच्या टोकाला बारीक गोळी, म्हणजे जरा तिरकी घातली तरी फिरते. पिशवीत लहानापासून मोठीपर्यंत ओळीने खोचलेल्या. आता काही कमी पडलं तरी तिसऱ्यांदा त्या दुकानात जायचं नाही, हे त्याने वाटेतच ठरवलं. तिसऱ्या वेळी पुरणपोळी निघाली असती.

इथवर त्याचं फारसं चुकलं नव्हतं. चुकलं ते यापुढे.

त्याने मोठी चावी लावून पाहिली, बसेना. मधली लावली, तीही बसेना. त्याहून लहान, नाही. शेवटी एक अगदी बारकी चावी अलगद आत गेली आणि, वा रे वा, फिरलीसुद्धा. भोकातून पांढरा भुगा पडला.

"टाइट झाला!" आतून आरोळी आली.

खरी गोष्ट तेल्हाऱ्याचं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. हा खारपाणपट्टा. इथल्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, नळ गच्च होतो, मग कूलरमधल्या स्क्रूची काय कथा! त्याचं सहा कोनांचं तोंड क्षाराने बुजलं होतं. अंकुर अमरावतीचा, गोड पाण्यावर वाढलेला. त्याला वाटलं स्क्रूच बारका आहे. तो स्क्रू फिरवत नव्हता, खार कोरत होता.

पुंजारामजींनी वायर लावली. कूलर खडखडला.

"कमी झाला नाई?" अंकुरने विचारलं.

"हाव, पुष्कळ कमी झाला," पुंजारामजी म्हणाले.

"लयच कमी झाला," मैनाबाई म्हणाल्या.

एव्हाना शेजारच्या माणिकबाई वाणाच्या कार्यक्रमाला म्हणून लवकर येऊन बसल्या होत्या. त्यांनी पदराने वारा घेत तोंड उघडलं, "अवो, पन त्याच्यात खार..." मैनाबाईंनी त्यांना असं कोपर मारलं की पुढचा शब्द घशातच राहिला. "चूप बस माय. जवाई हायेत."

पण अंकुर एवढा भोळा नव्हता. आवाज तसाच आहे हे त्यालाही ऐकू येत होतं. प्लग पुन्हा काढायला लावून तो आत घुसला आणि बारक्या चावीने जोर केला. चावी निसटली, आत कुठेतरी 'टण' करून पडली आणि दिसेनाशी झाली.

"काय पडलं?" आचलने विचारलं.

"काई नाई," अंकुर म्हणाला. पिशवीतल्या रिकाम्या खोबणीवर त्याने हळूच अंगठा ठेवला.

आता त्याने मधली चावी घेतली, दात ओठ खाल्ले, हात दोन पट्ट्यांच्या मधून पार कोपरापर्यंत आत रेटला आणि चावीचं टोक भोकावर टेकवलं. टेकलं खरं, पण आत शिरेना. दुसरी चावी घ्यावी म्हणून त्याने हात मागे ओढला. हात येईना. उजव्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा मागच्या एका बोल्टच्या डोक्यात अडकला होता. पुढे ढकला, जातो. मागे ओढा, अडतो. आणि चावी सोडली तर तीही पहिलीच्या मागे जाणार.

"अवो," आचल वाकून म्हणाली, "हात काढा आता. आई म्हनते, बाराच्या आत वाण द्याचं हाय."

"काढतो ना."

"काढा ना मग."

अंकुरने खांदा ओढून पाहिला. आचलने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, पण एवढे झाले होते.

मैनाबाई मात्र डगमगल्या नाहीत. मुहूर्त टळू द्यायचा नाही, आणि जावयाला 'हात अडकला का' असं विचारायचंही नाही. "जवाईबापू तिथंच बसले हायेत तं तिथंच करू," त्यांनी जाहीर केलं. पाट कूलरमागे आला. आचल नवऱ्याच्या शेजारी बसली. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तेवता दिवा. मैनाबाईंनी जावयाला कुंकू लावलं, मुलीला लावलं आणि, जावयाचा एक हात ज्याच्या पोटात आहे त्याला वगळायचं कसं म्हणून, कूलरलाही एक बोट लावलं. ओवाळणी झाली. वाण घ्यायला अंकुरने एकच हात पुढे केला. "डावा नाई चालत," माणिकबाई पुटपुटल्या, आणि या वेळी कोपर मारायच्या आधीच गप्प झाल्या. वाण आचलने घेतलं.

"घामाघूम झाले बाप्पा," मैनाबाईंना भरून आलं. त्यांनी सरबताचा मोठा पेला आणला आणि आपल्या हाताने जावयाच्या तोंडाला लावला. त्यांच्या हातचं सरबत म्हणजे अर्धं लिंबूच असतं. अंकुरने एक घोट घेतला आणि ताटीच्या धुळीने त्याला शिंक आली. काय शिंक होती! अख्खा पेला त्याच्या खांद्यावर उपडा झाला, सरबत दंडावरून, कोपरावरून, मनगटावरून वाहत थेट चावीच्या टोकाशी गेलं.

"दुसरा आनतो!" म्हणत मैनाबाई आत धावल्या. पुंजारामजी वायर सोडायला तयार नव्हते, त्यामुळे ते जागेवरूनच हळहळले.

त्या गडबडीत आचल कूलरच्या दुसऱ्या बाजूला गेली, तिथली ताटी काढून तिने आपला बारीक हात आत घातला. अंधारात तिची बोटं चाचपडत आली आणि आधी घड्याळाला नाही, त्याच्या बोटांना लागली. तिथे ती जरा थांबली.

"बाबाचं ते पक्कडीचं बोलनं अजून मनात धरून हाय ना तुमी?" ती पत्र्याआडून हळूच म्हणाली.

अंकुर म्हणाला, "तुले मालूम होतं?"

"सगळ्या गल्लीले मालूम हाय. बाबा फोनवर बोलले होते."

अंकुरला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला या कूलरचा राग येईनासा झाला. आपल्या बायकोचा हात धरून बसण्यासाठी तेल्हाऱ्यात त्या दिवशी एवढी गार आणि एकांताची जागा दुसरी नव्हती, आणि त्याला तिच्याबद्दल फार प्रेम वाटलं. तिने त्याची बोटं दाबली, घड्याळाचं बक्कल शोधलं आणि पट्टा सोडवला. "पुढच्या धोंड्याले घड्याळ घरी ठेवजा," ती म्हणाली.

हात मोकळा झाला. तो ओढून घेणार तेवढ्यात त्याला चावी किंचित आत सरकल्यासारखी वाटली. लिंबाने आपलं काम केलं होतं. भिजलेला खार मऊ पडला होता. अंकुरने चावी जराशी हलवली, टोकाने उरलेला गाळ ढकलला, आणि मधली चावी 'खट्' करून अशी बसली की तिला हलायला जागा उरली नाही. त्याने लांब बाजूला जोर दिला. या वेळी भुगा पडला नाही. या वेळी खराखुरा लोखंडी स्क्रू कुरकुरला, अर्धा फेरा फिरला आणि घट्ट झाला.

अंकुर बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर कुंकू, केसात गवत, डोक्यावर सहदेवची टोपी आणि हाताला साखरेचा चिकटा होता. पण चेहरा! तसा चेहरा त्याचा लग्नातही नव्हता.

"लावा मामाजी," तो म्हणाला.

ताट्या बसल्या. पुंजारामजींनी प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरू लागला. वारा आला. आणि बाकी काही नाही. खडखड नाही, खुडखुड नाही, नुसता गार वारा, वाळ्याचा वास आणि पाण्याची झुळझुळ. मैनाबाई दुसरा पेला घेऊन दारातच थबकल्या. माणिकबाईंनी पदराचा वारा थांबवला. पुंजारामजींनी कूलरच्या पत्र्यावर हात ठेवून पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं की अंकुरला लाजून खाली बघावं लागलं.

"बाप्पा!" ते एवढंच म्हणाले.

इथेच थांबला असता तर काय बिघडत होतं? पण त्याने ऐटीत हात पुढे केला आणि बटण फुल्ल केलं.

टण.

सगळ्यांनी कूलरकडे पाहिलं.

टण. टण. टणटणटणटण...

आत कुठेतरी, पंख्याच्या गोल कड्यात, ती बारकी चावी जागी झाली होती. मघाची खडखड हिच्यापुढे अंगाई वाटावी असा तो नाद होता. पिंपात पितळी घंटा घेऊन कोणी नाचत असावं! आचलने डोळे मिटले. अंकुरच्या हातातली पिशवी, तिच्यातली ती रिकामी खोबण... त्याला वाटलं, धरणी दुभंगली नाही तरी चालेल, निदान लाइट जावी. दिवाळीत कशी गेली होती तशी.

लाइट गेली नाही.

"वा!" पुंजारामजी त्या आवाजाच्या वरताण ओरडले. "एकदम चूप झाला!"

"काय मामाजी?" अंकुर ओरडला.

"चूप झाला म्हनतो! कूलर!"

"आवाजच नाई!" मैनाबाई ओरडल्या.

"बिलकूल नाई!" माणिकबाईही ओरडल्या. त्यांनाही एव्हाना सगळे नियम समजले होते.

आणि तेवढ्यात पुंजारामजींचा फोन वाजला. तो वाजलेला कोणाला ऐकू आला नाही, खिशात थरथरला म्हणून कळला. अकोल्याचा होता. पुंजारामजी फोन कानाला लावून अंगणात गेले. अंकुरचा जीव कानात गोळा झाला. दिवाळीपासून तो याच क्षणाची वाट पाहत होता.

"हॅलो! वामन! ... जोरानं बोल, आयकू नाई येऊन राहिलं! ... हाव, कूलर सुरू हाय! ... नाई गा, बिघडला नाई! आताच दुरुस्त केला! ... कोनं म्हंजे? आमच्या जवायानं!"

संपूर्ण गल्लीने ते ऐकलं. अंकुरची छाती शर्टात मावेना. त्याने आचलकडे पाहिलं, आचलने त्याच्याकडे पाहिलं आणि खरंच हसली. टणटणीचं काय, चालतंच. सासऱ्यांनी म्हटलं होतं, वामनरावांना म्हटलं होतं, याच अंगणातून म्हटलं होतं.

अंगणात मात्र पुंजारामजी गप्प झाले होते. पलीकडून वामनराव बराच वेळ काहीतरी बोलत होते. पुंजारामजींनी एकदा दारातून जावयाकडे पाहिलं, पाठ वळवली, फोनभोवती हाताचा आडोसा केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

"भेऊ नको गा! तुयाकडं नाई पाठवत त्याले!"